भावाच्या नावाची सव्वा मूठ

काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल चालवता येत नाही, ती ओढावी लागते, आणि थोड्या वेळाने तर खांद्यावर घ्यावी लागते. हे मी कुणाला सांगायला गेले की लोक मान हलवतात, पण त्यांना कळलेलं नसतं. कपाशीच्या वावरातली माती चाकाला धरते, चाक फिरलं की मडगार्डच्या आत जाऊन बसते, तिच्यावर आणखी बसते, आणि मग चाक जागचं हलत नाही. आमच्या गावातले जाणते सायकलवाले पहिल्या पेरणीआधीच मडगार्ड खोलून माळ्यावर टाकत आणि दसऱ्याला परत बसवत. पाठीवर चिखलाचा पट्टा उठला तर उठला. मुरमाची वाट मात्र वेगळी. कितीही पाणी पडो, निथळून जातं, चाकाखाली कुरकुर आवाज येत राहतो आणि सायकल आपली आपण पुढे जाते. आणि नदीतल्या गोट्यांवरून जाताना हँडल आवळून धरायचं नाही, सैल सोडायचं, सायकलला तिची वाट शोधू द्यायची. हे सगळं मी भाऊच्या सायकलवर शिकले. भाऊ तेव्हा घरात राहिलेला नव्हता.

आमचं गाव शिरपूरच्या उगवतीला, अनेर नदीच्या काठी. दारात उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसायचा, उन्हाळ्यात धुरकट आणि श्रावणात इतका जवळ की वाटावं हात लांबवला की लागेल. घरात आबा, माय, भाऊ आणि मी. भाऊ माझ्याहून बराच मोठा. शिकून तो वर डोंगरात एका आश्रमशाळेत मास्तर झाला, आणि तिथल्याच सुमली नावाच्या पावरा आदिवासी मुलीशी लग्न करून मग घरी सांगायला आला. आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. काही वेगळं झालं नसतं. आबा ओसरीत उभे राहून एवढंच म्हणाले, "आते ह्या घरमा पाय ठेवानं काम नही." भाऊने भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. मॅट्रिक झाल्यावर ती आबांनी घेऊन दिली होती. ती तिथेच ठेवून तो पायी निघाला. माय उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मी मागे उभी होते, तो वळून माझ्याशी काही बोलेल अशी वाट पाहत. तो वळला नाही.

त्यानंतर घरात आवाज होते, बोलणं नव्हतं. पहाटे जात्याची घरघर, विहिरीवरच्या इंजिनाची पुकपुक, भाकरी थापल्याची थपथप, आबांचं खाकरणं. आबा रेडिओ लावायचे, बाजारभाव ऐकायचे आणि खट्‌कन बंद करायचे, पुढे गाणी लागली तरी. माय कळण्याची भाकर करायची, ज्वारीत उडीद घालून दळलेली, वर तेलात परतलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. थंडीत भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली की सगळी गल्ली धुरकट व्हायची. खाण्यापिण्यात मायने काही कमी केलं नाही. पण ताटं मांडताना तिचा हात एकदा चौथ्या ताटाकडे जायचा आणि मागे यायचा, आणि आबा ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायचे. भाऊचं नाव कुणी काढायचं नाही, हा नियम कुणी न सांगताच ठरून गेला. दोघं एकमेकांशी बोलत नसली तरी दोघांच्या मनात सारखा एकच माणूस होता. मी समोर बसलेली असायचे. मला भाजी हवी का, हे मीच सांगायचं. मी रुसले असते, पण रुसलेलं कुणाला तरी दिसावं लागतं.

सायकल भिंतीला तशीच होती, सीटवर धूळ चढत. एके दिवशी मी ती बाहेर काढली. कुणी अडवलं नाही. दांड्याची, पुरुषांची सायकल. आधी दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकले, मग स्कर्ट सावरत सीटवर. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात होतं, तिथे जायला तिचा उपयोग व्हायला लागला. शाळा सुटली की मी सरळ घरी येत नसे. नदीच्या थडीने वर जायची, बाभळीच्या बनातून, मग गाडवाटेने डोंगराच्या दिशेला. जंगलखात्याने लाकडाच्या गाड्यांसाठी मुरूम टाकून केलेला एक रस्ता होता, दोन्ही बाजूंना साग आणि अंजन. त्या रस्त्यावर दुपारी कुणी नसायचं. गवतातून एक लाहोरी पाखरू उडालं तरी दचकायला व्हायचं. मला तिथे भीती वाटायची आणि तरी मी जायची, कारण तिथे एकटं असणं बरोबर वाटायचं. घरात माणसं असून एकटं असायचं, ते मला जमत नव्हतं.

आता मी शहरात असते. इथे पिंप्राळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर वैशाली राहते, बँकेत नोकरीला आहे. दर रविवारी डोक्याला टोपडं बांधून चौघीजणी सायकली घेऊन निघतात, कधी पहूरकडे, कधी वाघूरच्या काठाने. तिच्या सायकलची चाकं जाड, खाचाखाचांची, आणि मडगार्ड नाही. मी म्हटलं, वा, शहाणी दिसतेस. ती म्हणाली, "काकू, याला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. डांबरी सोडून कच्च्या रस्त्याने जायचं असतं." मी हसले. आमच्या वेळी डांबरी होता कुठे सोडायला! मग ती मला आमच्या गावाकडचे रस्ते विचारायला लागली आणि मी सांगत गेले, नदी कुठे उथळ, चढ कुठे दम काढतो, पाणी प्यायचं ते कुठल्या झिऱ्यावर. ती मोबाइलवर बोटाने रेघ ओढत होती. "आणि काकू, तुम्ही कुणाबरोबर जायच्या?" म्हटलं, कुणाबरोबर नाही. "सोलो!" ती म्हणाली. "काय भारी!" मी तिला चहा दिला. पोरगी गोड आहे, तिला कशाला काय सांगायचं.

तर त्या वर्षीची कानबाई. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून देवी सजवतात, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, नाचत, नदीवर बोळवतात. तिच्या नैवेद्याचे रोट असतात. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचे रोट करायचे. ते फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. परक्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही, उरलं म्हणून टाकायचं नाही, जनावरापुढे ठेवायचं नाही. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही परसात खड्डा करून त्यात ओतायचो. पौर्णिमेच्या आत रोट संपले पाहिजेत. बायकामुलींच्या नावाची मूठ नसते. आम्ही खायचो, पण कुणाच्या तरी मुठीतलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्या गोष्टी सगळ्या गल्लीत तशाच असतात त्या पोरीबाळींना खटकत नाहीत.

भाऊ गेल्यानंतरची ती पहिली कानबाई. माय गव्हाच्या कोठीपुढे सूप घेऊन बसली. मी शेजारी. आबा दारात, ना आत ना बाहेर. मायने मूठ भरली. "आबाना नावनी," ती म्हणाली, मूठ सुपात सोडली, वर चिमूटभर टाकून सव्वा केली. मग तिने पुन्हा कोठीत हात घातला आणि तो आत तसाच राहिला. मूठ टाकली तर भाऊ घरातला, नाही टाकली तर मेलेल्यात जमा. तसं कुणी बोलत नाही, पण आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाचीच मूठ थांबते. मायने हात बाहेर काढला, भरलेला. "भाऊना नावनी," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की शेजारी ऐकू जावं. आबा दारातून हलले. पायात वहाणा घालून शेतात गेले. त्यांनी नको म्हटलं नाही, हेच मायला पुष्कळ झालं. त्या दिवशी ती गाणं म्हणत होती, कानबाईचं, आणि तिचा आवाज चांगला होता हे मी विसरूनच गेले होते.

आमच्या घरची रीत अशी की ज्याच्या नावाची मूठ त्याचे रोट वेगळे, गुळाच्या पाण्यात पीठ मळून, जाडसर थापलेले, आणि त्यातला पहिला घास त्याने खायचा. मगच इतरांनी. सव्वा मुठीचे होऊन होऊन किती होणार. भाऊच्या नावाचे दोन झाले. देवी बोळवून आल्यावर मायने ते पांढऱ्या फडक्यात बांधले, फडकं कापडी पिशवीत घातलं आणि सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली. आबा शेतात होते. "त्याना हातमा देजो," ती म्हणाली. "त्यानी खादा म्हंजे तो आपलाच शे. मंग कोनी काई बी म्हनो." मी निघाले तशी ती मागून आली, सायकलचं सीट धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तिले देवानं नही हं. ती आपली नही." मायचं हे असं होतं. मुलाला घरात ठेवायला ती आबांच्या डोळ्यादेखत दुसरी मूठ भरू शकत होती, पण सुनेच्या तोंडी एक घास जाऊ देणं तिला जमत नव्हतं.

मी किती उत्साहाने निघाले होते ते आता आठवलं तरी हसू येतं. मला वाटत होतं, भाऊ रोट खाईल, म्हणेल चल, आणि आम्ही दोघं उतारावरून परत येऊ, तो सायकल चालवेल, मी कॅरियरवर. गावाबाहेरच्या वावरांमधून सायकल ढकलावी लागली, काडीने चाकातला गारा काढत काढत. मग मुरूम लागला. अनेर ओलांडताना पाणी पोटरीपर्यंत होतं. पुढे रान नुसतं हिरवंगार, सागाच्या पानांवर पावसाची टपटप, ओढ्या-ओढ्याला पाणी, आणि चढ असा की अर्धा मी चालतच काढला. वाटेत दोन पावरा बाया मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्यांनी मला पाहिलं, सायकलला पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या. मीही हसले. त्या दिवसात माझ्याशी हसलेली ती पहिली माणसं.

भाऊचं घर आश्रमशाळेच्या मागे, कुडाच्या भिंतींचं, शेणाने सारवलेलं. तो दारात काहीतरी ठोकत बसला होता. मला पाहून उठला, हातातली हातोडी तशीच. "कशी उनी व तू? ह्या पानीमा?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला एकदम रडू फुटलं, मोठ्याने, लहान पोरासारखं. कुणीतरी विचारलं होतं, कशी आलीस. सुमली आतून आली, कोरडा टॉवेल दिला, चुलीपाशी बसली आणि मक्याची भाकर थापायला लागली. अंगाने बारीक, कपाळावर गोंदण. मी तिच्याकडे चोरून पाहत होते. ती माझ्याकडे उघड पाहत होती.

मी पिशवी भाऊच्या हातात दिली. त्याने फडकं सोडलं. रोट पाहिले, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हाही रडणार. "मायनी मूठ टाकी?" त्याने विचारलं. "आबा व्हतात?" मी म्हटलं, दारात उभे होते, बोलले नाहीत. त्याने एक रोट उचलला, नाकाशी नेला, वास घेतला. तुकडा मोडणार, तेवढ्यात थांबला. त्याने चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मायनी सांगं व्हई ना, तिले देऊ नको?" मी मान खाली घातली. खोटं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याने ओळखलं असतं, शेवटी तो मास्तरच होता.

त्याने रोट परत फडक्यावर ठेवला. "आपला घरमा सून रोट खास का नही?" सून रोट खाते की नाही, हे तो हळू विचारत होता, रागाने नाही. "माय खास. काकू खास. मंग हाई काब्रं नही?" त्याने सुमलीकडे हात केला. "हाई मन्हं घर शे. मन्हा घरमा जो घास तिले चालस नही, तो मी कसा गिळू?" आणि मग, फडक्याच्या गाठी पुन्हा बांधता बांधता, म्हणाला, "मायले सांगजो, मन्ही मूठ टाकू नको आते." गाठ त्याला दोनदा बांधावी लागली. मी म्हटलं, "भाऊ, एक घास तरी खाय ना. मी एवढी लांब उनी." तो म्हणाला, "तुन्हासाठे जीव दिसू. पन हाई नही." सुमलीने ताट पुढे केलं, मक्याची भाकर, अंबाडीची भाजी, मिरची. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी जेवते की नाही. मी जेवले. पोटभर जेवले. भाजी फार चांगली झाली होती, आणि हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पण हे सगळं होत असताना मला आत ठाऊक होतं की तो येणार नाही. मला त्या दोघांचा रागही आला नाही. राग आला असता तर सोबत झाली असती.

उतारावर सायकल भरधाव सुटली. डोंगरात जोराचा पाऊस होऊन गेला होता, आणि अनेरला आले तेव्हा पाणी लालसर, कमरेइतकं. थांबून राहावं तर उतरेल की चढेल काही सांगता येत नव्हतं. मी सायकल खांद्यावर घेतली आणि शिरले. मधोमध गोट्यावरून पाय सटकला. गुडघा खडकावर आपटला, मी पडले नाही, पण सायकल वाकडी झाली आणि हँडलची पिशवी पाण्यात बुडून वर आली. काठावर आले, पिशवी उघडली. रोट भिजून लगदा होत चालले होते. घरी पोचेपर्यंत त्यांचं काहीच उरलं नसतं. टाकायचे नाहीत. नदीत सोडायचे नाहीत. कुणाला द्यायचे नाहीत, आणि द्यायला तिथे होतं तरी कोण. मी एका खडकावर बसले आणि भाऊच्या नावाचे रोट खायला सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, घास उतरत नव्हता, रेती दाताखाली येत होती. ज्याने पहिला घास खायचा तो डोंगरात राहिला होता आणि जिच्या नावाने मूठच नसते ती खात बसली होती. फडक्याला चिकटलेलंसुद्धा मी निपटून खाल्लं. मग ओंजळीने पाणी पिऊन तिथेच बसून राहिले. मला तेव्हा फार एकटं वाटलं. याहून चांगला शब्द मला आजही सापडलेला नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आबा ओसरीत बाजेवर बसले होते. म्हणजे मी कुठे गेले होते ते त्यांना ठाऊक होतं. माय धावत आली, तिने माझ्याकडे नाही, पिशवीकडे हात केला. फडकं रिकामं पाहून तिचा चेहरा उजळला. "खादा? खादा ना त्यानी?" मी म्हटलं, "नही. मी खादा." आणि भाऊने सांगितलं होतं ते, जसंच्या तसं, सांगितलं. माय ते ओलं फडकं हातात धरून खाली बसली. इंजिन बंद होतं, जातं बंद होतं. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मग आबा बोलले. भाऊ गेल्यापासून त्यांनी त्याच्याबद्दल काढलेला तो पहिला शब्द. "घर गयस का त्यानं?"

पावसात गळतं का, ते मला आठवावं लागलं. मी म्हटलं, "चूलजोडे गयस. खाले पातेलं ठेवेल शे." आबांनी बराच वेळ मान हलवली. "कौल सरकेल व्हई," ते म्हणाले. मग उठले आणि गोठ्यात गेले, आणि गोठ्यातून त्यांचा जो आवाज आला तो खाकरण्याचा नव्हता. माय उठून त्यांच्या मागे गेली. ती दोघं किती तरी वेळ तिथे होती, एकमेकांशी काहीतरी बोलत, कितीतरी महिन्यांनी. मी ओसरीत ओल्या कपड्यांनी उभी होते. गुडघा फुटला होता, रक्त पोटरीवर वाळलं होतं. नदीला पाणी होतं का, कुठून उतरलीस, भिजलीस का, हे मला कुणी विचारेल म्हणून मी थोडा वेळ थांबले. मग कपडे बदलले.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळीच मी सायकल काढली. माय चुलीपुढे होती, आबा दात घासत होते. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाय पडला की अनोळखी माणूससुद्धा कुठे निघालीस ते विचारतो, कथा जाई राहिनी व पोरी? मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, जाते. आबांनी मान हलवली. मायने भाकर उलटली. मी वेशीपर्यंत सावकाश गेले, मागून हाक येईल म्हणून. मग मुरूम लागला. त्या दिवसापासून मला कुठेही जायची मोकळीक होती, आणि इतकं वाईट मला पुढच्या सगळ्या आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं.